शिशाचा स्वार आणि इतिहासाचे सत्य

इतिहास ग्रंथांत असतो, दप्तरांत असतो, फार तर ताम्रपटांत आणि नाण्यांत असतो, अशी आपणां सुशिक्षितांची सर्वसाधारण समजूत आहे. चार बोटे उंचीच्या एखाद्या घोडेस्वाराच्या आकृतीतही तो असू शकेल असे कोणी म्हटले, तर त्याकडे आपण कौतुकमिश्रित उपहासाने पाहतो. बाहुल्या मुलांच्या, शहाण्यासुरत्या प्रौढ माणसाने रोज रात्री दिव्याखाली बसून, डोळ्यास भिंग लावून, सहा-सहा महिने एकच स्वार घडवावा व रंगवावा, हा आपणांस फावल्या वेळाचा पोरखेळ वाटतो. परंतु युरोपात या छंदाने गेल्या दोन-अडीच शतकांत जे वळण घेतले ते पाहिले, म्हणजे हा खेळ इतिहाससंशोधनाच्या अगदी शेजारी येऊन बसला आहे, आणि संशोधकाला न सुचलेले प्रश्न कधी कधी त्यालाच विचारू लागला आहे, असे दिसून येते.

याचे कारण सोपे आहे. शब्दाला मोघम राहता येते. मूर्तीला राहता येत नाही. ‘स्वारांनी तलवारी उपसल्या आणि घोडे शत्रूवर फेकले’ एवढे लिहून इतिहासकार पुढच्या परिच्छेदाकडे वळतो, आणि वाचकही त्याजपाशी अधिक काही मागत नाही. परंतु तोच स्वार हाताने घडवावयाचा म्हटले की प्रश्नांची रांग उभी राहते. घोड्याचा कोणता पाय जमिनीवर होता? रिकीब लांब होती की आखूड? म्यान कमरेला लोंबत होते की खोगिरास बांधलेले होते? लगाम एका हातात की दोन्ही हातांत? यांपैकी एकाही प्रश्नाला बगल देण्याची सोय कारागिराला नाही. उत्तर चुकले तर ते चुकीचे म्हणून डोळ्यांसमोर उभे राहते. पण उत्तर द्यावेच लागते. आम्ही अध्यापनाच्या व्यवसायात आयुष्याची बरीच वर्षे घालविली आहेत, आणि विद्यार्थ्याला मोघमपणापासून परावृत्त करणारे याहून कडक साधन आमच्या पाहण्यात नाही.

या छंदाचा उगम मात्र खेळण्यांतच झाला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरी योहान गॉटफ्रीड हिल्पर्ट नावाच्या कथिलकाम करणाऱ्या कारागिराने चपटे सैनिक ओतण्यास आरंभ केला. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिक राजाच्या पराक्रमाची कीर्ती तेव्हा सर्वत्र पसरली होती, आणि त्याच्या पलटणी घरोघरच्या मेजांवर उतरल्या. पाटीच्या दगडाच्या दोन फळ्यांवर आकृती उलटी कोरावयाची, फळ्या जोडून मधल्या पोकळीत वितळलेले कथील ओतावयाचे, अशी ही रीत होती. आकृती नाण्याएवढी जाड. परंतु कोरणाऱ्याचा हात कसलेला असला म्हणजे त्या इवल्याशा जाडीतही घोड्याची छाती भरलेली भासे. पुढे १८३९ साली स्थापन झालेल्या हाइनरिक्सनच्या कारखान्याने ३० मिलिमीटर उंचीचे प्रमाण रूढ केले. त्यानंतरचा मोठा टप्पा लंडनमधला. १८९३ साली विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ ओतकामाची युक्ती काढली. साच्यात शिसे ओतले की साच्याला लागलेला थर आधी थिजतो. तो थिजताच आतले पातळ शिसे परत ओतून काढावयाचे. धातू कमी लागला, किंमत उतरली, आणि मध्यम स्थितीतल्या मुलांच्या हातीही घोडदळ आले. या कारखान्याच्या आकृत्यांत हिंदुस्थानी रिसाल्यांचे स्वारही असत. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली अशाच सैनिकांच्या साहाय्याने खेळावयाच्या लुटुपुटूच्या युद्धाचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, आणि १९३५ साली या छंदाच्या भक्तांचे एक मंडळही इंग्लंडात स्थापन झाले. खेळणे येथे प्रौढांच्या हाती आले, आणि प्रौढांबरोबर ‘हे खरे असेच होते काय?’ हा प्रौढ प्रश्नही आला.

आमचे एक स्नेही यंत्रशास्त्रातून निवृत्त झाल्यावर या छंदास लागले आहेत. त्यांच्या टेबलाशी बसून आम्ही जे पाहिले, ते वाचकांपुढे थोडक्यात ठेवितो. त्यांचे स्वार ५४ मिलिमीटर प्रमाणाचे असतात. म्हणजे खऱ्या माणसाच्या सुमारे बत्तिसावा हिस्सा. इंग्रजी मापाने पंधरा ‘हँड’, म्हणजे ६० इंच उंचीचा घोडा या प्रमाणात खांद्याशी सुमारे ४८ मिलिमीटर भरतो. प्रथम तांब्याच्या तारेचा सांगाडा वाकवावयाचा. त्यात पाठीचा कणा, चार पाय आणि मान. या तारेतच घोड्याची चाल ठरून जाते. पुढे कितीही मांस चढविले तरी मुळात चुकलेली चाल सुधारत नाही. त्यावर दोन भाग एकत्र मळून तयार होणारी, काही तासांत दगडासारखी घट्ट होणारी लुकणासारखी लगदी थराथराने चढवावयाची. घोडा पुरा झाल्यावर खोगीर, तंग आणि दुमची; त्यानंतर स्वाराचे कमरेखालचे अंग. स्वार स्वतंत्र घडवून मागाहून घोड्यावर बसविला, तर तो घोड्यावर बसत नाही, घोड्यावर ठेवल्यासारखा दिसतो, असे आमचे स्नेही सांगतात. मांड्यांचा खोगिरावरचा दाब, टाच खाली आणि बोटे वर, कमरेचा किंचित बाक, हे सारे घोड्याच्या चालीशी बांधलेले असते. कपडे आणि शस्त्रे अगदी शेवटी. येथे प्रमाण निर्दयपणे आड येते. एक इंच रुंदीचा चामड्याचा पट्टा या मापात एक मिलिमीटरही भरत नाही, आणि जाड लोकरी कापडाची कड कागदाहून पातळ होते. म्हणून लगामासाठी शिशाच्या पातळ वर्खाच्या पट्ट्या कापाव्या लागतात.

रंगकामाचे शास्त्र निराळेच आहे. एवढ्याशा वस्तूवर खोलीतला उजेड पडतो, तेव्हा खऱ्या स्वाराच्या अंगावर जशा सावल्या पडतात तशा तिच्यावर पडत नाहीत. त्या रंगाऱ्याला स्वतः घालाव्या लागतात. घडीच्या खोबणीत गडद छटा, घडीच्या माथ्यावर उजळ, आणि दोहोंच्या मध्ये डोळ्याला न जाणवणारे संक्रमण. निखळ काळा व निखळ पांढरा सहसा वापरीत नाहीत. काळ्यात थोडा निळा किंवा तपकिरी मिसळला म्हणजे तो जिवंत होतो. घोड्याच्या कांतीसाठी तैलरंग बरा, कारण तो सावकाश वाळतो आणि छटा एकमेकींत विरघळविण्यास वेळ देतो. येथेही निरीक्षण हवेच. कुमाईत घोड्याचे अंग तांबूस-तपकिरी, परंतु आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग काळा; सुरंग घोड्याची आयाळ अंगाच्याच रंगाची किंवा तीहून उजळ. पांढरा दिसणारा घोडा बहुधा जन्मतः गडद असून वयाबरोबर पांढरा झालेला असतो, आणि त्याची कातडी काळसर असल्यामुळे नाकपुड्यांभोवती ती काळीच दिसते. नवशिका घोड्याचा डोळा माणसाच्या डोळ्यासारखा पांढरा रंगवितो; खऱ्या घोड्याचे बुबुळ आडवे असते आणि डोळ्याचा पांढरा भाग तो भ्याल्यावाचून फारसा दिसत नाही. अबलख, कुमाईत, पंचकल्याणी असे शब्द आपण बखरींत वाचतो आणि पुढे जातो. हे शब्द ज्याला रंगवावे लागतात, त्याला ते खऱ्या अर्थाने कळतात.

आता या छंदाच्या इतिहासातील दोन माणसांची हकीकत सांगावयाची आहे. सत्य आडवे आले असता काय होते, हे त्यांच्या उदाहरणावरून चांगले समजते.

पहिला फ्रेंच चित्रकार अर्नेस्ट मेसोनिए (१८१५–१८९१). नेपोलियनच्या काळातील सैनिकांची चित्रे काढण्यात त्याचा हात धरणारा त्या काळी कोणी नव्हता. चित्रांसाठी तो मेणाचे छोटे घोडे आणि स्वार घडवीत असे. वाऱ्याला तोंड देत चाललेल्या एका प्रवासी स्वाराची त्याची मेणाची आकृती पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. तिच्यात मेणाबरोबर खरे कापड आणि चामडेही वापरलेले आहे. धावत्या घोड्याचे पाय न्याहाळता यावेत म्हणून त्याने आपल्या बागेत रूळ घालून घेतले होते, आणि त्यांवरच्या गाडीत बसून तो शेजारून दौडणाऱ्या घोड्याची टिपणे करी. इतका कष्टाळू माणूस! ‘१८०७, फ्रीडलंड’ हे त्याचे दौडत्या घोडदळाचे प्रचंड चित्र १८७५ साली पुरे झाले. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

आणि तीनच वर्षांनी, जून १८७८ मध्ये, कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज याने बारा कॅमेरे ओळीने मांडून दौडत्या घोडीची छायाचित्रे घेतली. शतकानुशतके चित्रकार धावता घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेला, जणू हवेत पसरलेला, असा काढीत आले होते. छायाचित्राने दाखविले की भरधाव दौडीत घोडा चारी पायांनी अधांतरी होतो हे खरे, परंतु तो क्षण पाय ताणलेले असतानाचा नसून ते पोटाखाली गोळा झालेले असतानाचा असतो. युरोपातील अनेक कलावंत संतापले. या आकृती कुरूप आहेत, डोळ्याला असे दिसत नाही, असे ते म्हणू लागले. मेसोनिएलाही धक्का बसला. मायब्रिजच्या प्रयोगांचा आश्रयदाता लेलंड स्टॅनफर्ड याचे चित्र त्याने १८८१ साली काढले, आणि त्या चित्रात स्टॅनफर्डच्या शेजारी त्या छायाचित्रांचा संग्रह दाखविला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याने पॅरिसमधील आपल्या घरी चित्रकार-साहित्यिकांना बोलावून मायब्रिजकडून ती छायाचित्रे पडद्यावर दाखवविली. ज्या पुराव्याने आपल्या आयुष्यभराच्या निरीक्षणातील उणीव उघडी पडली, त्या पुराव्याला स्वतःच्या दिवाणखान्यात मानाने आसन द्यावयाचे, याला मनाचा फार मोठेपणा लागतो. आज कोणताही साक्षेपी कारागीर तारेचा सांगाडा वाकविण्यापूर्वी ती छायाचित्रे पुढे ठेवतो.

दुसरा माणूस इंग्रज सैन्यातील अधिकारी विल्यम सायबोर्न. मेसोनिएला निसर्गाच्या सत्याशी गाठ घालावी लागली. सायबोर्नची गाठ सत्ताधीशांच्या मर्जीशी पडली. वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ रोजी झाली. तिची प्रतिकृती तयार करण्याची कामगिरी १८३० साली सायबोर्नवर सोपविण्यात आली. तो स्वतः त्या लढाईत नव्हता, म्हणूनच की काय, त्याने पुराव्याची कास धरली. रणभूमीवरील ला ए सँत या शेतवाड्यावर आठ महिने राहून त्याने जमिनीची मोजणी केली. मग हयात असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून विचारले: संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण कोठे होती, कोणत्या रचनेत होती, समोर शत्रू कोण होता, इतकेच काय, त्या शेतात पीक कोणते उभे होते? त्याला सुमारे ७०० उत्तरे आली. एखाद्या लढाईविषयी तीत लढलेल्यांची साक्ष इतक्या पद्धतशीरपणे गोळा करण्याचा असा यत्न त्यापूर्वी क्वचितच झाला असेल. १८३३ साली सरकारने मदत थांबविली. तेव्हा त्याने कर्ज काढून काम पुढे रेटले. एकंदर खर्च सुमारे ३,००० पौंडांवर गेला. १८३८ साली लंडनच्या ईजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती मांडली गेली. सुमारे ४२० चौरस फुटांचा तो विस्तार, आणि त्यावर जेमतेम एक सेंटिमीटर उंचीचे ७०,००० हून अधिक पायदळ सैनिक व स्वार! सुमारे एक लक्ष लोकांनी शिलिंग मोजून ती पाहिली.

वाद उठला तो प्रशियन सैन्यावरून. सायबोर्नने जमविलेल्या पुराव्याप्रमाणे लढाईच्या निर्णायक घटकेस प्रशियन फौजा मोठ्या संख्येने रणांगणात उतरलेल्या होत्या, आणि त्याने त्या तशा मांडल्या. परंतु त्यायोगे विजयाच्या श्रेयाची वाटणी डोळ्यांना दिसू लागली. ड्यूक ऑफ वेलिंग्टन व त्याच्या निकटची मंडळी यांना ही मांडणी रुचली नाही. लॉर्ड फिट्झरॉय सॉमरसेट याजबरोबर पत्रव्यवहार झाला, दडपण आले, आणि कर्जात बुडालेल्या सायबोर्नने अखेर हजारो प्रशियन आकृत्या उचलून बाजूस काढल्या. ही प्रतिकृती आज लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे. १८४४ साली त्याने दुसरी, मोठ्या प्रमाणाची प्रतिकृती केली; तिच्यात दुपारच्या वेळचा ब्रिटिश अवजड घोडदळाचा हल्ला दाखविला आहे, आणि तिच्यातील स्वार हे त्या काळच्या सूक्ष्म कारागिरीचे उत्कृष्ट नमुने आहेत. ती लीड्स येथील शस्त्रसंग्रहालयात आहे. १८४९ साली सायबोर्न वारला. त्याने जमविलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रे त्याच्या मुलाने १८९१ साली प्रसिद्ध केली, आणि वॉटर्लूच्या अभ्यासकांना ती आजही चाळावी लागतात.

या हकीकतीतून आम्हांस एक बोध होतो, आणि या छंदाचे थोरपण व त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी त्यात आल्या आहेत. सायबोर्नचा एकेक स्वार खरा होता. गणवेश, घोडा, जागा, सारे काही तपासून घेतलेले. तरीही काही हजार आकृत्या उचलल्याबरोबर सबंध चित्राचा अर्थ बदलला. सुट्या वस्तूचे सत्य आणि समग्र प्रसंगाचे सत्य ही एक नव्हेत. बटणांची संख्या बरोबर असूनही लढाई खोटी होऊ शकते. ज्याने केवळ एक स्वार घडविला त्याच्यावर हा आरोप येत नाही. पण तो स्वार कोणत्या पटावर उभा करावयाचा हे ठरवू लागताच, त्याला इतिहासकाराची जबाबदारी उचलावी लागते.

सुट्या वस्तूचे सत्यही वाटते तितके सुलभ नाही. इंग्लंडच्या लाइफ गार्ड्‌स रिसाल्याचा स्वार म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे छातीवरचे लखलखीत पोलादी कवच येते. परंतु ते कवच त्यांना १८२१ साली, चौथ्या जॉर्ज राजाच्या राज्यारोहणसमारंभाच्या वेळी मिळाले. वॉटर्लूच्या मैदानावर ते कवचाविना लढले. लेडी बटलर हिचे ‘स्कॉटलंड फॉरेव्हर!’ हे १८८१ सालचे चित्र पाहिल्यावर स्कॉट्स ग्रेज रिसाला वॉटर्लूला भरधाव दौडतच शत्रूवर कोसळला असे कोणासही वाटेल. वास्तविक आदल्या रात्रीच्या पावसाने जमिनीचा चिखल झाला होता, आणि तसल्या जमिनीवर घोडे तसे उधळणे कठीण होते. सैन्याचे नियम सैनिकाने काय घालावे हे सांगतात. त्याने मोहिमेत काय घातले होते हे सांगत नाहीत. कवायतीच्या मैदानावरचा कडक इस्त्रीचा गणवेश रणांगणातील स्वाराला चढविणे हे या छंदातील नित्याचे पाप आहे. नियम आणि व्यवहार यांत भेद करणे ही ऐतिहासिक टीकेची पहिली पायरी. ती आमचे विद्यार्थी ग्रंथ वाचून जितकी शिकतात, त्याहून आमचे स्नेही स्वाराच्या बुटांवर चिखल रंगविताना अधिक शिकले आहेत.

असो. या सर्व गोष्टी परक्या देशांच्या झाल्या. परंतु आपल्याकडेही दिवाळी आली की महाराष्ट्रातील अंगणाअंगणात मातीचे किल्ले उठतात, त्यांवर हळीव पेरले जाते, आणि मावळे, तोफा व घोड्यावरचे शिवछत्रपती यांची स्थापना होते. या मातीच्या मूर्तींची योग्यता आम्ही कमी लेखीत नाही; इतिहासाची पहिली ओढ पुष्कळांना तेथेच लागते. मात्र त्यांचे स्वार कोणाकडे पाहून घडविले जातात, याचा विचार आपण क्वचितच करतो. चौकांतले पुतळे आणि दिनदर्शिकांवरील चित्रे हीच त्यांची आदर्शस्थाने. शिवकालाच्या निकटचे साधनही उपलब्ध आहे. व्हेनिसचा प्रवासी निकोलाओ मनुची याने १६८६ पूर्वी मीर महंमद नावाच्या चित्रकाराकडून काढवून घेतलेल्या चित्रांत, पायदळ सैनिकांनी वेढलेले घोड्यावरील शिवाजी महाराज आहेत. तो संग्रह पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्या काळच्या चित्रांकडे कारागिराच्या नजरेने पाहिले, तर लगाम कसा धरला आहे, अंगरख्याचा घेर खोगिरावर कसा पडला आहे, शस्त्र कोठे अडकविले आहे, असे कितीतरी प्रश्न उभे राहतात. चित्रकाराने ते स्वतः पाहिले असेल की नुसते परंपरेने काढले असेल, हा त्यांहून कठीण प्रश्नही मग टाळता येत नाही.

काही वाचकांस वाटेल की हा सारा बारकाईचा अतिरेक आहे, आणि ज्या पुरुषांविषयी आपणांस भक्ती वाटते त्यांच्या घोड्याच्या रिकिबी मोजीत बसणे हा भक्तीचा उपमर्द आहे. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या माणसांनी खरोखरीच्या घोड्यांवर, खरोखरीच्या पावसात आणि चिखलात, खरोखरीचे प्रयास केले, त्यांना आपल्या सोयीचे सजविलेले रूप देण्यापेक्षा त्यांचे होते तसे रूप शोधणे हाच त्यांचा अधिक आदर आहे. सायबोर्नच्या प्रशियनांप्रमाणे आपल्या पटावरूनही काही आकृत्या उचलण्याचा मोह आपणांस होतच असतो. कधी शत्रूच्या, कधी सहकाऱ्यांच्या, कधी ज्यांची नावे आपणांस आज अवघड वाटतात त्यांच्या. तेवढ्या आकृत्या जागच्या जागी राहू देण्याचे धैर्य ज्या समाजाच्या अंगी असते, त्यालाच आपला इतिहास कळला असे म्हणावयाचे. मुलाने किल्ल्यावर स्वार मांडताना ‘हा असाच बसत असे का?’ असे विचारले, तर घरातील वडील माणसांनी त्याला गप्प न करता त्याच्याबरोबर पुस्तके उघडावीत, एवढीच आमची विनंती आहे.